वायरलेस हेडफोन की वायरवाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून एकत्र केले आहेत. इथे ‘वायरलेस’ म्हणजे ब्लूटूथवर चालणारे, अख्खा कान झाकणारे, बाहेर नेता येणारे हेडफोन. ‘वायरवाले’ म्हणजे बॅटरी नसलेले, बसून ऐकण्यासाठी बनवलेले. कानात घालायच्या बड्सचा संबंध येतो तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. एकच हेडफोन घ्यायचाय. वायरलेस घेऊ की वायरवाला?

आठवडाभरात तुमचं ऐकणं कुठे होतं ते आधी तासांत मांडा. पुण्यात हिंजवडीची कंपनीची बस, मेट्रो, पीएमपीची बस, मुंबईची रेल्वे, ऑफिसातला गजबजलेला मजला यांत निम्म्याहून जास्त तास जात असतील, तर नॉइज कॅन्सलिंगवाला (बाहेरचा आवाज खाऊन टाकणारा) वायरलेस घ्या. बसच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते जिथे तंबोऱ्याचा खर्ज आणि तबल्याचा बायाँ असतो. ती हटली नाही, तर कितीही महागडा वायरवाला लावा, खालचे सूर बुडतात. मग माणूस आवाज वाढवतो, आणि सूर मिळत नाहीत ते नाहीतच, वर कान दुखतात.

ऐकणं मुख्यतः घरी, जेवणं आटोपल्यावर दार लावून होत असेल, तर त्याच पैशात वायरवाला सरस ठरतो. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

बजेट अर्धं-अर्धं करून दोन मध्यम हेडफोन घेऊ नका. जिथे तास जास्त, तिथे सगळे पैसे लावा. अपवाद दोन: गाणं-वाजवणं शिकणारे (प्रश्न ९) आणि दिवसभर कॉलवर असणारे (प्रश्न ८).

२. त्याच किमतीत वायरवाला खरंच चांगला वाजतो, की ही हौशी मंडळींची अंधश्रद्धा?

वाजतो, पण लोकांना वाटतं त्या कारणाने नाही. वायरलेसच्या किमतीत बॅटरी, ब्लूटूथची चिप, चार-सहा माइक, ॲम्प्लिफायर आणि ॲप बनवण्याचा खर्च असतो. वायरवाल्यात तोच पैसा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), पॅड आणि सांगाड्यावर जातो. शिवाय वायरलेसला बाहेरचा आवाज अडवायचा असल्यामुळे त्याची कानावरची वाटी बंदच ठेवावी लागते, आणि बंद वाटीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो. वायरवाल्यांत मागून उघडे प्रकार मिळतात, त्यांत ही अडचण नसते (प्रश्न ३).

ब्लूटूथ हा आज त्या फरकातला सर्वात लहान हिस्सा आहे. मोठा हिस्सा ट्यूनिंगचा. बहुतेक वायरलेस कंपन्या बास मुद्दाम फुगवून देतात, कारण रस्त्यावर तो बरा वाटतो. ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलने खाली आणा; निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आयुष्याचा हिशेब मात्र पूर्ण एकतर्फी आहे. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ साली आला, आणि इतक्या वर्षांनीही लोक तोच विकत घेतात. पॅड, केबल, डोक्यावरची गादी सगळं सुटं मिळतं.

३. ओपन-बॅक म्हणजे काय? फ्लॅटमध्ये चालेल का?

वाटीच्या मागे भिंतीऐवजी जाळी असते. ड्रायव्हरच्या मागची हवा मोकळी सुटते, त्यामुळे आवाज कानात कोंबल्यासारखा न वाटता समोर पसरल्यासारखा वाटतो. १९६८ मधल्या सेनहायझर एचडी ४१४ पासून हा प्रकार आहे.

जाळीतून आवाज दोन्हीकडे ये-जा करतो. बाहेरून पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या पार्किंगमधली भांडणं जशीच्या तशी आत येतात. शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं खरखरीत का होईना पण नीट कळतं. खोली स्वतंत्र असेल आणि ऐकणं रात्री दहाच्या पुढचं असेल, तर ओपन-बॅकसारखं सुख नाही. हॉलमध्ये बसून ऐकत असाल तर वायरवाल्यांतला बंद वाटीचा प्रकार घ्या. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीकाठी ढोलपथकांचे सराव चालतात. त्या टापूत राहणाऱ्यांनी संध्याकाळी ओपन-बॅककडून काही अपेक्षा ठेवू नये.

४. नॉइज कॅन्सलिंग चालू असूनही हॉर्न आणि बोलणं ऐकू येतं. पीस खराब आहे का?

बहुधा नाही. माइक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याची उलटी लाट बनवते, आणि दोन्ही एकमेकींना खातात. घरघर, पंखा, विमानाचं इंजिन अशा सलग आणि खालच्या आवाजांवर हे छान चालतं. साधारण १००० हर्ट्झच्या वर लाटा इतक्या आखूड होतात की उलटी लाट नेमकी जुळवणं अवघड जातं. तिथे फक्त पॅडचा जाड थर उपयोगी पडतो. हॉर्न, बायकापोरांचे आवाज, ताटावर पडलेला चमचा हे सगळं त्या वरच्या पट्टीतलं.

खरी तपासणी अशी: घरातला पंखा पूर्ण वेगात लावा, गाणं बंद ठेवा आणि कॅन्सलिंग चालू-बंद करून पाहा. पंख्याची घुर्र दोन्ही कानांत सारखीच गायब व्हायला हवी. एका बाजूला कमी झाली तर आधी बघा, चष्म्याची काडी किंवा केस पॅडखाली आलेत का (प्रश्न १९). तेही नसेल तर बाहेरच्या माइकच्या बारीक भोकांत धूळ बसलेली असते. कोरड्या मऊ ब्रशने ती झटका. फुंकर किंवा पंपाची हवा मारू नका, धूळ आणखी आत जाते.

५. दुचाकीवर हेल्मेटखाली घातले तर?

नाही. बाहेरचा आवाज आत सोडणाऱ्या ‘ट्रान्सपरन्सी’ मोडवरही नाही. वारा माइकवर आपटून फक्त खळखळाट आत येतो आणि मागच्या गाडीचा हॉर्न त्यात हरवतो.

६. एसबीसी, एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक: फरक ऐकू येतो का?

ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवलं जातं. दाबण्याच्या या पद्धती. एसबीसी प्रत्येक हेडफोनमध्ये असतेच आणि सहसा ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जाते. ॲप्टएक्स ३५२, ॲप्टएक्स एचडी ५७६, एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०. आयफोन फक्त एसबीसी आणि एएसी जाणतो, तेव्हा आयफोनवाल्यांनी एलडॅकच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नयेत.

शांत खोलीत, चांगल्या रेकॉर्डिंगवर एसबीसी आणि एलडॅक ९९० यांतला फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. बसमध्ये नाही. उलट स्वारगेट किंवा पुणे स्टेशनसारख्या ठिकाणी शेकडो फोन आणि वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात, तिथे ९९० वर अडवून ठेवलेला एलडॅक तुटतो. आपलं शरीरही ही लहर शोषतं, म्हणून फोन मागच्या खिशात आणि हेडफोनचा अँटेना दुसऱ्या बाजूला असला की तुटणं वाढतं.

अँड्रॉइडवर बदलायचं तर: सेटिंग्ज, अबाउट फोन, ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. हेडफोन जोडलेला असताना तिथे ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’मध्ये एलडॅक निवडा आणि दर्जा बाहेर फिरताना ६६० किंवा आपोआप, घरी ९९०. पर्याय धूसर दिसत असेल तर हेडफोनच्या ॲपमध्ये ‘दोन उपकरणं एकाच वेळी’ हे चालू आहे का बघा. काही मॉडेलांत त्यामुळे एलडॅक बंद पडतो.

७. ॲपवर ‘लॉसलेस’ (काहीही न गाळलेलं) लिहून येतं. म्हणजे ब्लूटूथवर लॉसलेसच ऐकतोय ना?

नाही. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात (१६ बिट, ४४,१०० नमुने, दोन चॅनेल, गुणाकार करून पाहा). वरच्या प्रश्नातल्या कुठल्याही आकड्यात ते मावत नाहीत. ॲप फोनपर्यंत लॉसलेस आणतं, पुढे फोन ते दाबून पाठवतो. खात्रीचं लॉसलेस हवं तर वायर.

आणि मूळ ध्वनिमुद्रण काय आहे तेही बघा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं किंवा यूट्यूबवर कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली मैफल ऐकायला हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. तिथे ज्याचे पॅड आरामशीर तो हेडफोन चांगला.

८. टीम्सवर कॉल सुरू झाला की वायरलेसचा आवाज एकदम टेलिफोनसारखा का होतो?

कारण नेहमीच्या ब्लूटूथला चांगला स्टिरिओ आवाज आणि माइक एकाच वेळी झेपत नाही. माइक चालू झाला की जोडणी ‘हँड्स-फ्री’ प्रकारात जाते. तिथे आवाज मोनो असतो आणि नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजारांवर येतात. हेडफोन पंचवीस हजारांचा असला तरी हेच होतं.

उपाय फुकट आहे: माइक लॅपटॉपचा वापरा, ऐकायला हेडफोन. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे ‘इनपुट’ला लॅपटॉपचा माइक निवडा. मग टीम्सच्या किंवा झूमच्या स्वतःच्या डिव्हाइस सेटिंगमध्येही तेच करा. ते ॲप विंडोजचं ऐकेलच असं नाही. जुन्या विंडोजमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’. ऐकण्यासाठी स्टिरिओवालं निवडा. तरी मध्येच आवाज बिघडला तर समजा, दुसरं कुठलं तरी ॲप मागे माइक धरून बसलंय. ब्राउझरमधला विसरलेला मीटिंगचा टॅब हा नेहमीचा गुन्हेगार.

फोन आणि हेडफोन दोन्ही एलई ऑडिओवाले (ब्लूटूथची नवी पद्धत) असतील तर ही अडचण बरीच कमी होते, पण दोन्ही बाजू तशा हव्यात.

दिवसाला पाच-सहा तास कॉल असतील तर वायरवाला हेडफोन आणि टेबलावर साधा यूएसबी माइक ही जोडी जास्त टिकते, आणि समोरच्यालाही तुमचं बोलणं नीट ऐकू जातं.

९. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. कीबोर्डच्या सरावाला वायरलेस चालेल?

ब्लूटूथवर आवाज साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद उशिरा पोचतो. व्हिडिओची बहुतेक ॲप हा उशीर ओळखून चित्र तेवढंच थांबवतात. टीव्हीवर जुळत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ शोधा.

वाजवताना असं काही थांबवता येत नाही. की दाबली आणि सूर पाव सेकंदाने आला, तर द्रुत लयीत हात आपोआप अडखळतो. कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तबला, रेकॉर्डिंग, ऑनलाइन शिकवणी या सगळ्याला वायरच. नुसता तंबोऱ्याचा ॲप लावून गायचं असेल तर वायरलेस चालतो, कारण तिथे लय पकडायची नसते; फक्त एक कान उघडा ठेवा, नाहीतर स्वतःचा सूर बंद वाटीत घुमून चढा-उतरा वाटतो.

१०. फोनला जॅकचं भोकच नाही. वायर लावू कुठे?

यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा डोंगल लागतो. इथे बरेच जण फसतात, कारण दिसायला सारखे असलेले दोन प्रकार बाजारात आहेत. एकात डॅक चिप असते, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग तो स्वतः करतो. दुसरा नुसत्या तारांचा. तो ठरावीक फोनवरच चालतो, बाकीच्यांवर शांतता. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेत असाल तर दुकानातच आपल्या फोनला लावून गाणं वाजवून घ्या, खोक्यावर ‘डॅक’ लिहिलंय का वाचा. लॅपटॉपला लावून ‘नवीन ऑडिओ डिव्हाइस’ दिसलं तर चिप आहे.

ॲपलचा डोंगल मोजमापात उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो अगदी हळू वाजतो, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं, डोंगलशी थेट बोलणारं ॲप वापरलं की तो खुलतो. ज्यांना सगळी ॲप याच डोंगलवर ऐकायची आहेत त्यांनी दुसऱ्या कंपनीचा घ्यावा.

मोठी ६.३५ मिमीची पिन असेल तर ती ३.५ करणारा अडॅप्टर छोट्या वायरसकटचा घ्या. घट्ट धातूचा ठोकळा डोंगलच्या सॉकेटवर लटकला की आठवड्यात सॉकेट सैल.

११. ३०० ओहमचा हेडफोन घेतला तर ॲम्प लागेलच ना?

ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अवरोध, म्हणजे इम्पिडन्स) एकटे काही सांगत नाहीत, सोबत सेन्सिटिव्हिटी (किती ताकदीत किती मोठा वाजतो) बघावी लागते. दोन उदाहरणं धरा, आणि मोठ्यात मोठा क्षण १०५ डेसिबलचा हवा असं समजा.

पहिला हेडफोन ३०० ओहम, ९७ डेसिबल प्रति मिलिवॅट. त्याला लागतात ६.३ मिलिवॅट, म्हणजे सुमारे १.४ व्होल्ट आणि जेमतेम ५ मिलिॲम्पिअर. दुसरा ३२ ओहमचा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा ड्रायव्हर असलेला), ९१ डेसिबल प्रति मिलिवॅट. त्याला २५ मिलिवॅट, व्होल्ट ०.९ पण करंट २८ मिलिॲम्पिअर. म्हणजे ‘३२ ओहम आहे, फोनवर सहज चालेल’ असं म्हणून घेतलेला प्लेनर प्रत्यक्षात जास्त भुकेला निघतो.

१ व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर पहिला १०२ डेसिबलपर्यंत जातो. साधारण ऐकणं ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास असतं, त्यामुळे रोजच्या ऐकण्याला ते पुरतं. अडचण होते ती शास्त्रीय मैफलींच्या हळू पट्टीत केलेल्या ध्वनिमुद्रणांत: आलाप अगदी हळू, व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला, आणि तरी थोडं हवंच. अशांनी २ व्होल्ट देणारा डोंगल घेतला की ६ डेसिबल जास्त मिळतात. टेबलावरचा ॲम्प त्यानंतरची गोष्ट.

१२. डॅकवर किती खर्च करू?

हेडफोनच्या किमतीच्या पाव भागापेक्षा कमी. चांगला डोंगल आणि महागडा डॅक यांतला फरक पॅड बदलल्याने होणाऱ्या फरकापेक्षा लहान असतो. एकच गोष्ट तपासा: डॅकचा स्वतःचा अवरोध, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. जुन्या म्युझिक सिस्टिमच्या हेडफोन सॉकेटमध्ये तो शंभराच्याही वर असू शकतो, आणि मग काही हेडफोनचा बास सुजल्यासारखा होतो.

१३. लॅपटॉप चार्जिंगला लावला की वायरवाल्यात घूंऽऽ असा आवाज येतो.

चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घूं थांबला तर दोष हेडफोनचा नाही, वीज आणि अर्थिंगचा. दोन पिनांच्या चार्जरला अर्थ नसतो. तीन पिनांचा असूनही जुन्या घरांत सॉकेटची अर्थिंग फक्त दिसायला असते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवताना हलकी झिणझिण जाणवते, ती याच जातीची. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या. तोवर बॅटरीवर ऐका किंवा फोन-डोंगल वापरा. टेबलावरच्या ॲम्पचा घूं असेल तर ॲम्प आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो.

१४. वायरलेसलाच वायर लावली तर तो वायरवाल्यासारखा वाजेल का?

नाही. चालू ठेवून वायर लावली तर बहुतेक मॉडेल आत आलेला ॲनालॉग आवाज पुन्हा डिजिटल करतात, प्रोसेस करतात आणि मग वाजवतात. बंद ठेवून लावली तर काही वाजतच नाहीत, आणि जे वाजतात ते मंद, कोंदट वाजतात, कारण त्यांचं ट्यूनिंग चिपच्या भरवशावर केलेलं असतं. विमानात बॅटरी संपल्यावरची सोय म्हणून वायर ठीक.

१५. दुकानात ऐकून बघताना काय लावू?

इंग्रजी पॉप नको. रोज ऐकता तेच. आमची शिफारस तीन तुकड्यांची.

तंबोरा, किमान दोन मिनिटं. जवारीत तारेखालच्या धाग्यामुळे मूळ सुरावर स्वरांची लड उलगडत जाते. ती लड प्रत्येक छेडीनंतर वेगळी ऐकू यायला हवी. नुसतं गुंगुं झालं तर हेडफोन वरून मंद आहे. तारेवर पत्रा घासल्यासारखं झालं तर वरून तिखट.

विलंबित तबला, बायाँ स्पष्ट असलेला. बायाँवर हात दाबून काढलेली मींड चढताना-उतरताना कळली पाहिजे. फुगवलेल्या बासमध्ये मींडेचा नुसता ‘धप्प’ होतो. बहुतेक वायरलेस इथेच नापास होतात.

स्त्रीस्वरातलं भावगीत, ज्यात ‘स’, ‘श’, ‘च’ भरपूर आहेत. ते टोचायला लागले तर पाच मिनिटांनी तुम्ही हेडफोन काढून ठेवाल.

दोन हेडफोनांचा आवाज सारखा नसेल तर मोठा वाजणारा नेहमी जिंकतो, आणि दुकानदाराला हे माहीत असतं. प्रत्येक वेळी व्हॉल्यूम शून्यावरून वर आणा आणि गायकाचा आवाज समोर बसून गातोय एवढा झाला की थांबा.

१६. वायरलेस किती वर्षं टिकतो?

बॅटरीइतका. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते. कानावरचा हेडफोन ३० तास चालतो. रोज तीन तास ऐकलं तर वर्षाला जेमतेम ३६ फेऱ्या. त्याला फेऱ्या मारत नाहीत. उष्णता आणि वय मारतं. बड्स पाच तास चालतात आणि रोज एक फेरी होते. दीड वर्षात ५०० पूर्ण. म्हणून बड्स दोन-तीन वर्षांत मान टाकतात आणि लोक सगळ्याच वायरलेसना नावं ठेवतात.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर ५० टक्क्यांवर ठेवा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी पुन्हा उठत नाही. घेण्यापूर्वी वाट्यांवर स्क्रू दिसतात का पाहा. चिकटवलेल्या वाट्या उघडताना फुटतात.

१७. पावसाळ्यात पॅडची सालं निघाली. काय करू?

कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेनचा थर ओल आणि घामामुळे विघटित होतो. काळा चुरा कानामागे लागतो. पुण्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे दोन-तीन वर्षांत होतंच. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसाल तर आणखी लवकर. वापरल्यावर कोरड्या कापडाने पुसा, तासभर उघड्यावर ठेवा आणि मगच डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ओले पॅड लगेच डब्यात घातले की बुरशी.

नवे पॅड घेताना मूळ जाडीचेच घ्या. पाच मिलिमीटरचा फरकसुद्धा बास बदलतो. वायरलेसवर मखमली पॅड लावले तर हवा गळते आणि नॉइज कॅन्सलिंग कोसळतं.

पावसात भिजण्याबद्दल: पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स४ हा दर्जा म्हणजे शिंतोडे, सरी नव्हेत. भिजलाच तर २४ तास चार्जिंगला लावू नका.

१८. वायरवाल्याची एक बाजू बंद पडली. दुरुस्त होतो का?

दहात आठ वेळा तार जॅकपासून दोन-तीन सेंटीमीटरवर तुटलेली असते. तिथे वाकवून बघा. आवाज येतो-जातो झाला तर हेच. केबल सुटी निघणारी असेल तर नवी लावा आणि विषय संपवा.

जोडलेली असेल तर नवा ३.५ मिमीचा धातूचा जॅक आणा. तुटल्या जागेच्या पुढे, हेडफोनच्या बाजूला, केबल कापा. जॅकचं टोपण आणि हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) आधी केबलमध्ये ओवा; सोल्डर झाल्यावर आठवण होणं हा प्रत्येकाचा पहिला अपघात. आत बहुधा लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची कॉमन. टोकाला डावी, मधल्या कड्याला उजवी, मागच्या भागाला कॉमन. या बारीक तारांवर लाखेचा थर असतो आणि तो जळाल्याशिवाय सोल्डर धरत नाही; म्हणून दुरुस्ती ‘झाली पण वाजत नाही’. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तार त्यात धूर थांबेपर्यंत बुडवा, तार चकचकीत झाली की मगच जोडा. शेवटी मल्टिमीटरने टोक आणि मागचा भाग यांत मोजा: हेडफोनच्या ओहमच्या जवळपासचा आकडा आला पाहिजे, शून्य आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

बंद नसून बायाँवर एका कानात किर्र येत असेल, तर ड्रायव्हरच्या पडद्यावर केस पडलाय. पॅड काढा, उजेडात बघा, चिमट्याने उचला. पडद्याला बोट लावू नका.

१९. चष्मा, कुड्या, अंबाडा: कोणता त्रास कमी देतो?

ओपन-बॅकला हवा गळल्याने फार फरक पडत नाही, म्हणून जाड काडीच्या चष्म्यावर तोच बरा. बंद वाटी आणि वायरलेस चष्म्यामुळे बास गमावतात. मागे मळसूत्राची फिरकी असलेल्या कुड्या पॅडखाली टोचतात, अर्ध्या तासात कळतं, काढून ठेवा. उंच अंबाडा डोक्यावरची पट्टी पुढे ढकलतो, तेव्हा दुकानात नेहमीच्या केशरचनेनेच जा. वजनही बघा: २५०-२६० ग्रॅमचे दोन तास चालतात, ४०० च्या घरातले प्लेनर मानेला कळतात.

२०. किती आवाजात किती वेळ ऐकलं तर सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. मुलांच्या फोनमध्ये व्हॉल्यूम मर्यादा लावा. पण लक्षात ठेवा, डोंगल आणि हेडफोन बदलला की त्या मर्यादेचा डेसिबलशी संबंध उरत नाही.

२१. महाग केबल, बॅलन्स्ड ४.४ मिमी, शंभर तास ‘बर्न-इन’?

केबलने आवाज बदलत नाही. बॅलन्स्डमध्ये (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या) जास्त ताकद मिळते, एवढंच. कमी पडत असेल तर घ्या. बर्न-इन म्हणजे नवा हेडफोन तासन्‌तास वाजवून ‘मोकळा’ करणं; खरं तर शंभर तासांत पॅड तुमच्या डोक्याच्या आकाराला बसतात आणि कान सवयीचे होतात.

२२. वापरलेला घेऊ का?

वायरवाला, निःशंक. २० ते २०० हर्ट्झचा चढता सूर वाजवून दोन्ही बाजू सारख्या वाजतात आणि किर्र नाही एवढं बघा. पॅड नवे लावावे लागतील हे धरून किंमत घासा. मोनो गाणं लावल्यावर आवाज कपाळाच्या बरोबर मध्ये यायला हवा.

वायरलेस घेऊ नका. घ्यायचाच असेल तर पूर्ण चार्ज करून विक्रेत्यासमोर तासभर वाजवा आणि टक्के किती उतरले ते बघा. ३० तासांच्या मॉडेलमध्ये ३-४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्याच्या फोनमधून आणि कंपनीच्या ॲपमधून हेडफोन काढून टाकायला लावा, फॅक्टरी रीसेट करा, मग तुमच्या फोनला जोडून दोन्ही बाजूंचं नॉइज कॅन्सलिंग प्रश्न ४ प्रमाणे तपासा. भेट चहाच्या हॉटेलात ठरवा, बागेत नको. तपासणीला डोक्यावर चालू पंखा लागतो.